मधल्या स्विचचं कुलूप

"दाजी, तुमचं कुलूप लावलंत ना?"

आवाज जाळीच्या कुंपणापलीकडून आला होता. विचारणाऱ्याच्या दातांत पेचकस होता, त्यामुळे शब्द जरा जाड झाले होते. त्यात शंका अशी नव्हतीच. घराबाहेर पडताना माणूस दिवा मालवलाय ना विचारतो, तेवढंच ते विचारणं. आणि कुंपणाच्या या बाजूने उत्तर गेलं होतं, "हो."

त्याला एकोणीस वर्षं झाली. आवाज अजून म्हातारा झाला नव्हता.

वसाहतीचे म्हातारे वायरमन मधले आपल्या खोलीच्या बाहेर विटांच्या चुलीपुढे उकिडवे बसून जुन्या तव्यावर दाणे भाजत होते. दाणे खायचे नव्हेत. ट्रान्सफॉर्मरही श्वास घेतो. दिवसा तापला की उसासा सोडतो, गार पडला की बाहेरची हवा आत ओढतो. त्या हवेतली ओल पोटात जाऊ नये म्हणून त्याच्या नाकाशी काचेची बरणी टांगलेली असते आणि बरणीत निळे दाणे असतात. ओल पिऊन पिऊन ते गुलाबी पडतात. मग काढायचे, तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे झाले की भरायचे. नवे मागवावेत तर ते कुणी मागवायचे, याचा निकाल कधी लागला नव्हता. म्हणून हेच दाणे सव्वीस वर्षं रडत आणि हसत आले होते.

पूर्वी ते भाजायचं काम बायकोचं होतं. भाजताना ती गुणगुणायची, शब्दही तिचेच:

निळ्या निळ्या दाण्या, तुला कुणी रे रडवलं
चुलीपाशी आणून पुन्हा हसवलं

तिचा भाऊ वीज कंपनीत लाइनमन होता. तो आला की हसायचा. म्हणायचा, ताई, जगात अंगाई ऐकून झोपणारा हा एकच ट्रान्सफॉर्मर असेल बघ. तो गेला त्या दिवसापासून तिने तव्याला हात लावला नाही. गाणंही तव्याबरोबर घराबाहेर गेलं.

ही जागा लहान कारखान्यांच्या एका खाजगी वसाहतीत होती. चाळीस गाळे. कुणाकडे प्लास्टिकच्या बादल्या, कुणाकडे पुठ्ठ्याची खोकी, कुणाकडे शिवणाची यंत्रं. मागच्या कोपऱ्यात वीज उतरवून घ्यायचं सबस्टेशन. त्याच्या एका अंगाला वीज कंपनीची खोली होती. तिचं दार, तिची पाटी, तिचं मीटर. दुसऱ्या अंगाला वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर. आणि दोहोंच्या मध्ये अकरा पावलं जमीन, मनगटाएवढी जाड केबल आणि एक स्विच. स्विच जाळीच्या आत, त्याचा दांडा जाळीच्या बाहेर, वसाहतीच्या अंगाला. कंपनीचा कागद म्हणायचा, मीटरपर्यंत आमचं. वसाहतीचा कागद म्हणायचा, ट्रान्सफॉर्मरपासून आमचं. मधलं कुणाचंच नव्हतं.

पण गवत तिथेही वाढायचं. पाली तिथेही शिरायच्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाने तिथलाही कोरडा पडायचा आणि त्याला दोन बादल्या पाणी पाजावं लागायचं. वसाहतीचा वायरमन ते सगळं बघायचा. कुणीतरी गमतीने त्याला 'मधले' म्हणालं आणि हजेरीच्या वहीतसुद्धा ते आडनाव असल्यासारखं चढलं. खरं आडनाव आता फक्त मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत उरलं होतं.

गेल्या महिन्यात मधल्या स्विचच्या एका चिनीमातीच्या खांबाला तडा गेला. भरदुपारी फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि दीड दिवस चाळीस गाळे ठप्प पडले. बादल्यावाल्याच्या साच्यात प्लास्टिक थिजून दगड झालं. तो आला आणि मधल्यांच्या दारात उभा राहून म्हणाला, इथे राहून काय करता तुम्ही, कोंबड्या पाळता का. खोकीवाला म्हणाला, सांभाळता तुम्ही, मग भरूनही तुम्हीच द्या. मधल्यांनी तीन वेळा अर्ज दिला होता की खांब जुने झालेत, बदला. ते अर्ज सेक्रेटरींच्या टेबलावर होते, चहाच्या कपाखाली. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून सकाळच्या नळावर त्यांची बादली बाजूला सारली जाऊ लागली, आणि कुणीतरी त्यांच्या भिंतीवर कोळशाने 'कंपनीचा जावई' असं लिहून ठेवलं. बायकोने ते ओल्या फडक्याने पुसलं. पुसून ते आणखी पसरलं.

मग कंपनीचं पत्र आलं. मधला भाग धोकादायक आहे, तो कुणाच्या मालकीचा हे संयुक्त पाहणीत ठरवावं, तोवर तात्पुरत्या जोडणीपलीकडे दुरुस्ती होणार नाही, आणि न ठरल्यास वीज तोडली जाईल.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी सेक्रेटरी आले. पूर्वी ते याच वसाहतीचे मॅनेजर होते. मूळ मालक गाळे विकून गेला तेव्हा त्यांनी दोन गाळे घेतले आणि गाळेधारकांच्या संघाचे सेक्रेटरी झाले. खुर्ची तीच राहिली, फक्त तिच्यावर नवा टॉवेल आला. ते चुलीपासून चार हात लांब उभे राहिले, रुमाल नाकाला लावून.

"अजून भाजतोसच का हे," ते म्हणाले. "बंद कर आता. उद्यापासून ते कंपनी भाजेल."

त्यांनी कागद पुढे केला. टाइप केलेल्या चार ओळी. मधला स्विच व केबल हे कधीही वसाहतीच्या ताब्यात अथवा देखभालीखाली नव्हते, असं मधल्यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीच्या आधारे लिहून द्यायचं होतं. महिनाअखेर त्यांची नोकरी संपत होती. सही केली तर खोली मरेपर्यंत त्यांची आणि बायकोची. नाही केली तर पहिल्या तारखेला खोली रिकामी.

मधल्यांनी कागद वाचला. डोळे अधू झाले होते, वेळ लागला.

"मग मी सव्वीस वर्षं काय केलं?"

"हौस केलीस."

तव्यावरचे दाणे तडतडले. मधल्यांनी ते उलथण्याने फिरवले. काही निळे झाले होते, काहींच्या पोटात अजून गुलाबी होतं.

सेक्रेटरींनी दांड्याकडे बोट केलं. खाली ओढलेल्या किंवा वर सारलेल्या दांड्याला कुलूप घालायची एक कडी होती आणि त्या कडीत लाल रंगाचं कुलूप नेहमी असायचं. विजेच्या माणसांची ती रीत. काम करताना ज्याने त्याने आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून दांडा फिरवू नये. मधल्यांनी ते काम नसतानाही लावून ठेवायला सुरुवात केली होती, एकोणीस वर्षांपूर्वीपासून.

"ते काढून ठेव," सेक्रेटरी म्हणाले. "उद्या ती कंपनीची बाई येईल. कुलूप दिसलं की म्हणेल, कुलूप तुमचं तर स्विच तुमचा."

"कुलूप संघाचं नाही, साहेब. माझं आहे."

"आणि तू कुणाचा आहेस?"

सेक्रेटरी जवळ आले, पहिल्यांदाच, आणि आवाज उतरवून म्हणाले की कुलपाचा विषय निघाला तर सगळाच निघेल. त्या दिवशी ते कुलूप इथे का नव्हतं, कुठे होतं, तेही निघेल. तुला निघायला हवंय का ते? मला काय, मी विचारून मोकळा होईन.

कागद पायरीवर ठेवून, वारा येईल म्हणून वर वीट ठेवून, ते निघून गेले. कागदपत्रांची काळजी घ्यायची त्यांना सवय होती.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी सकाळी केबलच्या टोकाची दुरुस्ती होती. कंपनीकडून मेहुणाच आला होता. त्याने कंपनीच्या खोलीतला स्विच पाडला, आपलं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि जाळीच्या आत शिरला. या बाजूने मधल्यांनी दांडा खाली ओढला, 'काम चालू आहे' ही पाटी सुतळीने बांधली आणि कुलपासाठी पिशवीत हात घातला. पिशवीत कुलूप नव्हतं.

नसण्याचं कारण त्यांना लगेच आठवलं. घराचं कुलूप आठ दिवसांपासून अडकत होतं. बायको रोज म्हणायची, जरा तेल घाला. सगळ्या सबस्टेशनच्या बिजागऱ्यांना तेल घालणारा माणूस रोज म्हणायचा, उद्या घालतो. त्या सकाळी मुलीचा कान ठणकत होता. बायकोला तिला दवाखान्यात न्यायचं होतं. तिने घाईत पिशवीतून लाल कुलूप काढून दाराला लावलं असणार.

खोली जेमतेम तीस पावलांवर होती. मेहुण्याला टोकापाशी पोचायला, पत्रा उघडायला दहा मिनिटं तरी लागणार होती. तेवढ्यात आतून त्याने विचारलं, तुमचं कुलूप लावलंत ना. नाही म्हटलं असतं तर तो बाहेर येऊन उभा राहिला असता आणि सगळ्यांसमोर हसला असता की ताईने दाजींची नोकरी दाराला टांगली. मधले म्हणाले, "हो." आणि घराकडे पळाले.

दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी दाराचं कुलूप काढलं, दार तसंच लोटलं आणि धावत परत फिरले. कुलूप मुठीत होतं. ते कोपऱ्यावर पोचले तेव्हा मॅनेजर दांड्यापाशी उभे होते. अर्ध्या गाळ्यांना जनरेटरची वीज मिळत होती, अर्ध्यांना नव्हती, लोक ओरडत होते, म्हणून ते बघायला आले होते आणि खाली असलेला दांडा त्यांनी वर सारला होता. जनरेटरची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलट्या पावलांनी वर चढते हे विजेच्या माणसांना माहीत असतं. मॅनेजरांना नसतं. त्यांचा हात अजून दांड्यावर होता. जाळीच्या आत काहीच हलत नव्हतं.

मग मॅनेजर जे बोलले ते त्यांनी फार शांतपणे सांगितलं. हा स्विच आपला नाही. आपण याला हात लावला नाही. मी नाही आणि तूही नाही.

चौकशी तीन वर्षं चालली. कंपनी म्हणाली स्विच वसाहतीचा, वसाहत म्हणाली कंपनीचा. मधल्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझ्या ताब्यात नव्हता. एका वाक्यात ते वाचले, मॅनेजर वाचले, आणि आणखी कुणी वाचलं असेल तर त्याचं नाव त्यांनी मनातही घेतलं नाही. मालकी निश्चित नसल्याने जबाबदारी निश्चित करता येत नाही, असा निकाल लागला. मेहुण्याची बायको दोन्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिली. नवरा स्वतःच्याच चुकीने मेला असं कागदावर राहिलं. तेवढी ओळ पुसा, एवढंच तिचं मागणं होतं. नणंदेच्या दारात ती पुन्हा कधी आली नाही.

त्या संध्याकाळी बायको दवाखान्यातून परतली, तोवर भावाची बातमी तिला वाटेतच कुणीतरी दिली होती. ती खोलीपाशी आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. कडीत काही नव्हतं. ती किती तरी वेळ त्या मोकळ्या कडीकडे बघत राहिली. मधल्यांनी ते लांबून पाहिलं. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एकोणीस वर्षं दोघं एका ताटलीतलं खाऊन, एका छताखाली झोपून, त्या कडीच्या दोन बाजूंना राहिली.

सेक्रेटरी गेल्यावर दिवे लागायच्या सुमाराला बायको पायरीवर येऊन बसली. शिवणाच्या गाळ्यातून तिला शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम मिळत असे. एक ढीग डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये कात्री.

"काय म्हणत होता तो?"

मधल्यांनी कागद वाचून दाखवला. खोलीचंही सांगितलं.

"मग करा सही."

"कुलूप काढ म्हणतोय."

कात्री थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा जोरात. "कुलूपच ना. काढा. त्या कुलपाने कुणाचं भलं केलंय."

"वहिनीचा अर्ज अजून दरवर्षी..."

"तिचं नाव काढू नका माझ्यापुढे."

ती मग बोलत सुटली, शर्टाकडे बघत, एकेक धागा कापावा तशी. माझ्या गुडघ्यांनी मी कुणाचा जिना चढू शकत नाही. मुलीच्या दोन खोल्यांत तिची सासू, तिची पोरं, तिथे आपण कुठे पडायचं, दाराआड? तुम्हाला काय, तुम्ही त्या जाळीच्या आत गवतावर पण झोपाल. लग्न माझ्याशी केलंत का त्या अकरा पावलांशी, एवढं एकदा सांगा.

"सही केलीत," ती शेवटी म्हणाली, "की कुणी काही विचारणार नाही. इतकी वर्षं नाही विचारलं. आता तरी कशाला कुणी विचारावं?"

मधल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती शर्टावर धागा शोधत होती. त्या शर्टाला एकही धागा उरला नव्हता.

सकाळी अकराला कंपनीची गाडी आली. इंजिनियर बाई उतरल्या. डोक्याला पांढरं हेल्मेट, हातात पाठीला लाकडी फळी लावलेले कागद. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही, चहा नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या. त्यांच्याबरोबर चाळिशीचा, मिशावाला लाइनमन होता. बादल्यावाला आणि खोकीवाला आधीच येऊन उभे होते, जरा अंतर राखून, भांडण बघायला येतात तसे. मधल्यांची बायको आपल्या पायरीवर होती, दोन ढिगांच्या मध्ये.

बाईंनी कंपनीच्या खोलीपासून सुरुवात केली. प्रत्येक वस्तूपाशी थांबून एकच विचारायच्या, हे कुणाचं. सेक्रेटरी म्हणायचे, तुमचं. बाई म्हणायच्या, कागद. सेक्रेटरी म्हणायचे, जमीन तेवढी आमची, वरचं सगळं तुमचं. बाई म्हणाल्या, म्हणजे वीज तुमच्या जमिनीवर पाहुणी आलीय का? खोकीवाला हसला आणि सेक्रेटरींनी बघताच खोकला.

लाइनमनने कंपनीचा स्विच पाडला, आपलं कुलूप लावलं. मधल्यांनी कुलूप काढून आपला दांडा खाली ओढला, लाल कुलूप पुन्हा कडीत अडकवलं, किल्ली फिरवली, खिशात टाकली. लाइनमन तडा बघायला जाळीच्या आत गेला. बाई खोलीत मीटरचे आकडे लिहून घेत होत्या. तेवढी संधी साधून सेक्रेटरी दांड्यापाशी आले.

"तुला काढायला सांगितलं होतं ना?"

"आत माणूस आहे, साहेब."

"लाइन बंद आहे. त्यांनी त्यांच्या हाताने बंद केलीय."

"त्या दिवशीही बंद होती."

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. दातांवर दात ठेवून ते म्हणाले की किल्ली दे, नाहीतर पहिल्या तारखेची वाटही बघणार नाही, आज संध्याकाळी सामान बाहेर काढीन. मधले हलले नाहीत. तेव्हा सेक्रेटरींनी स्वतःच कुलपाकडे हात नेला. तोच हात, त्याच दांड्याशी. मधल्यांनी तो मनगटाशी धरला. एकोणीस वर्षांत त्या हाताला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला. तो इतका मऊ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"सोड," सेक्रेटरी म्हणाले.

आणि जाळीच्या आतून आवाज आला. लाइनमनने टॉर्च तोंडात धरली होती, त्यामुळे शब्द जाड झाले होते.

"काका, तुमचं कुलूप लावलंय ना?"

मधल्यांच्या ओठांवर पहिल्यांदा एकच शब्द आला, जुनाच. तो त्यांनी गिळला. मनगट सोडून ते जाळीपाशी गेले, खिशातली किल्ली काढून जाळीला लावून धरली.

"बाहेर ये. स्वतः बघून जा."

"अहो, विश्वास आहे," लाइनमन आतून हसला.

"विश्वास ठेवू नकोस. बघ."

त्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, लाइनमन खरंच बाहेर आला. त्याने कुलूप ओढून पाहिलं, किल्ली पाहिली, मग या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत आत गेला.

बाई खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं पाहिलं होतं.

"कुलूप कुणाचं?"

"कुणाचं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "या माणसाला सवय आहे, उगाच काहीतरी..."

"माझं आहे," मधले म्हणाले.

"कधीपासून लावता?"

"रोज म्हणाल, तर एकोणीस वर्षं. कामापुरतं त्याच्याही आधीपासून. गवत मी कापतो, खड्ड्यात पाणी मी घालतो, दांडा मी ओढतो. साहेबांच्या सांगण्यावरून. तडा जाणार, हे तीनदा लिहून दिलंय, ते अर्ज साहेबांच्या टेबलावर मिळतील."

बादल्यावाल्याने मान वळवून सेक्रेटरींकडे पाहिलं.

बाईंनी फळीवरचा कागद उलटला. त्यांच्या आवाजात मऊपणा आला नव्हता. त्या म्हणाल्या की एका बाईचा अर्ज त्यांच्या टेबलावर दरवर्षी येतो, त्याच तारखेला, त्याच अक्षरात. दरवर्षी त्या एकच उत्तर पाठवतात, मालकी निश्चित नाही. ते उत्तर लिहिताना दरवर्षी लाज वाटते, आणि आज कळतंय की ती लाज दुसऱ्याच कुणाचीतरी होती.

"त्या दिवशी स्विच कुणाच्या ताब्यात होता?"

"माझ्या. म्हणजे वसाहतीच्या."

"चौकशीत तुम्ही नाही म्हणालात."

"खोटं बोललो."

"बंद कुणी केला होता?"

"मी."

"मग वर कुणी सारला?"

मधल्यांनी सेक्रेटरींच्या मनगटाकडे पाहिलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ अजून होते. "ज्याने सारला त्याला जनरेटरची वीज उलटी आत चढते ते माहीत नव्हतं. बाकी त्यांनीच सांगावं. माझ्या वाटणीचं मी सांगतो. त्या माणसाने मला विचारलं होतं, कुलूप लावलंत ना. मी हो म्हणालो. कुलूप लावलेलं नव्हतं."

सेक्रेटरी फाटलेल्या आवाजात बोलू लागले. याच्यामुळे झालं सगळं. कुलूप असतं तर कुणाचाही हात तिथे गेला नसता. विचारा याला कुलूप कुठे होतं. एकोणीस वर्षं मी विचारतोय, सांगत नाही. विचारा, कुठे ठेवून आला होता ते.

सगळे मधल्यांकडे बघत होते. पायरीवर कात्रीचा आवाज थांबला होता.

"कुठे होतं?" बाईंनी विचारलं.

"घरी राहिलं," मधले म्हणाले. "मी विसरलो."

"विसरलात."

"हो. दुसरं काही नाही. माझा हलगर्जीपणा."

बाई लिहू लागल्या. पेन कागदावर खरखरत होतं. जाळीच्या आत लाइनमन तडा गेलेल्या खांबाची मापं स्वतःशीच मोठ्याने म्हणत होता. मधल्यांची मूठ किल्लीवर मिटलेली होती. त्यांना वाटलं, झालं. जेवढं सांगायचं होतं तेवढं झालं, आणि जे राखायचं होतं ते राखलं गेलं.

बायको उठली. गुडघ्यावर हात टेकून, आधी एक पाय, मग दुसरा. मांडीवरचा शर्ट खाली पडला, तिने तो उचलला नाही. पायरीपासून दांड्यापर्यंतचं अंतर ती एकोणीस वर्षांत कधी चालली नव्हती. मधले तिच्याकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. ती बाईंच्या समोर येऊन उभी राहिली आणि चालत्या पेनाशेजारी, कागदावर, आपला हात आडवा ठेवला.

"तसं लिहू नका, बाई. ते विसरले नव्हते. कुलूप आमच्या दाराला होतं. यांच्या पिशवीतून काढून मी लावलं होतं."